टोकलेला पाला

माझ्या जावेच्या हाताला गुण होता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. इतकी वर्षं कोणी विचारलं तर मी नाक मुरडून म्हणायचे, "गुण कसला डोंबलाचा! मधमाशी चावली की नखानं काटा खरवडून काढायचा, अर्धं दुखणं तिथंच संपतं. वर पाला लावा नाहीतर पावावरचं लोणी लावा." त्यात काही खोटं नव्हतं. काटा लवकर निघणं महत्त्वाचंच. पण मी ते खरं आहे म्हणून म्हणत नव्हते, जळफळाट व्हायचा म्हणून म्हणत होते.

मी विरारच्या फुलपाड्यातली. वडील मुंबईत नोकरीला, आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वाढलो. झाड म्हणजे गॅलरीतल्या डब्यातली तुळस. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी गास गावी आले आणि एकदम फुलांच्या वाडीत पडले. मोगरा, झेंडू, तुळशीचे वाफे, बांधाला केळी, आणि मागे बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं, शिंपायला पाणी तिथूनच घ्यायचं. सकाळी घरातल्या बायका आणि कामाला येणाऱ्या चार-पाचजणी फुलं खुडायच्या, टोपल्या भरून दादरला जायच्या. ऊन चढलं की मधमाश्या यायच्या. झेंडूच्या फुलात माशी डोकं खुपसून बसलेली असते, आपण घाईत फूल मुठीत घेतो, आणि मग अशी कळ निघते की बास.

पहिल्यांदा चावली तेव्हा मी टोपली फेकून "मेले मेले" करत नाचले होते. कामाच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सासूबाई मात्र उठल्या, माझं बोट धरलं, नखानं आडवा काटा खरवडला आणि एक अक्षर न बोलता बावखलाच्या दिशेनं चालू लागल्या. परत आल्या तेव्हा उजवी मूठ बंद. मुठीतला पाला दोन्ही तळव्यांत चुरडून त्याचा हिरवा रस बोटावर चोळला. बोट गार पडलं, खरंच पडलं.

मी विचारलं, "आई, कसला पाला हा?"

उत्तर नाही. मला वाटलं, ऐकू आलं नाही. परत विचारलं. तरी नाही. रस सुकला, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. "इचारायचं नसतं गो. नाव घेतलं की गुन जातो."

हळूहळू मला सगळं शास्त्र कळलं. पाला आणायला निघाल्यापासून तो लावून सुकेपर्यंत आणणारीनं बोलायचं नाही. ज्याला चावलं त्यानं हवं तेवढं बोंबलावं, त्याला माफ. पाला मुठीत झाकून आणायचा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वाटेत तिला कोणी टोकायचं नाही. कोणी "कुठं निघालीस?" म्हणालं, नुसती हाक मारली, तरी पाला फुकट. तो तिथंच टाकायचा, उलट्या पावली परत जायचं आणि नवा खुडायचा. आभार मानायचे नाहीत. गुण आला तर आला.

मी तेव्हा बी.एस्सी.चा रुबाब मिरवत होते. मनात म्हटलं, काय हा प्रकार! पण खोटं कशाला बोलू, मला तो पाला हवा होता. घरात माझं असं काहीच नव्हतं. फुलं खुडण्यात मी सगळ्यात हळू, चूल पेटवता येईना, त्यांच्या घरातली बोली मला अर्धी कळायची. सासूबाईंना मात्र आजूबाजूच्या वाड्यांतून बोलावणं यायचं. रविवारी चर्च सुटलं की एखादा माणूस कान सुजवून आमच्या ओटीवर हजर असायचा. त्या उठून चालायला लागल्या की सगळे आपोआप गप्प व्हायचे. आपण चाललो की लोकांनी गप्प व्हावं, अशी मला हौस वाटायची. थोरली सून मी, आज ना उद्या हे आपल्याकडेच येणार, असं मी धरूनच चालले होते.

दोन-तीन वर्षांत धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जाऊ आली. खाडीपलीकडच्या गावची, भातशेतीवाल्या घरातली. सावळी, बारीक, आणि बोलणं इतकं कमी की पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हिच्या घशाला काहीतरी झालंय. मला "वहिनी" म्हणायची आणि पुढचं वाक्य गिळायची.

तोवर सासूबाईंचे गुडघे धरायला लागले होते. बावखलापर्यंत फेऱ्या घालणं त्यांना जमेना. एकदा कामाच्या एका बाईला चावलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "जा, बावखलाच्या काठची ओली माती मुठीत घेऊन ये. आधी माती लावू. बोलू नको कोनाशी." मला लगेच कळलं, ही परीक्षा आहे. माती घेतली, मूठ आवळली, तोंड मिटलं आणि निघाले. मागच्या दाराशी पोचते तोच पाचूबंदरची मासेवाली पाटी उतरवत म्हणाली, "वयनी, बोंबील बघ कसले हायेत!"

आणि मी म्हणाले, "बघू, ताजे आहेत का?"

जिभेला काय हाड असतं? शब्द गेल्यावर मी मूठ तोंडावर मारून घेतली, तर ओठाला चिखल. सासूबाई ओटीवरून बघत होत्या. "टाक ती माती," म्हणाल्या. "तुज्या तोंडाला झाकनच नाय." रागावल्या नाहीत, हसल्याच. पण त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या वेळी माती आणायला धाकटीला पाठवलं. तीच मासेवाली, तीच पाटी. बाईनं तिचा पदर धरून ओढला, "अगो बोल की, मुकी हाय का तू?" ही आपली मान खाली घालून गेली ती गेली. महिन्याभरात सासूबाई काठी टेकत तिला घेऊन बावखलामागे गेल्या. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. दोघी केळींच्या आड गेल्या, मला दिसेनाशा झाल्या. परत येताना सासूबाईंचा हात तिच्या खांद्यावर होता. माझ्या खांद्यावर त्यांनी असा हात कधी ठेवला नव्हता. त्या दिवशी भातात चार खडे लागले, सगळ्यांनी मलाच बोल लावला.

तेव्हापासून "धाकटीला बोलवा" सुरू झालं. कामाच्या बाया, शेजारचे, ते चर्चहून येणारे, सगळे. एकदा माझ्या नवऱ्याच्या मानेला चावली. मी शेजारी उभी होते, नखानं काटा मीच काढला. आणि हा गृहस्थ मला म्हणतो, "तिला जरा हाक मार ना." मी म्हटलं, "माझा हात काय झडलाय?" पण मारली हाक. काय करणार!

मग मी माझं वेगळं दुकान मांडलं. माझी विद्या पुस्तकातली आणि फुलपाड्याच्या शेजारणींकडून आलेली. कांदा कापून चोळ, खायचा सोडा कालवून लाव, चिंचेचा कोळ, तुळशीखालची माती, हळद-तूप, अगदी टूथपेस्टसुद्धा. मध घरात असेल तर मधच लाव, ज्याचं दुखणं त्याचंच औषध. झेंडूच्या वाफ्यात उभी राहून मला वाटायचं की तो पाला झेंडूचाच असणार. तो चोळून पाहिला. बरा होता, पण तो गारवा काही आला नाही. कोणी ठणकत आलं की मी आधी गाठायचे. काहींना बरं वाटायचं, नाही असं नाही. पण ते माझ्याकडून सोडा लावून घ्यायचे आणि डोळे मात्र मागच्या वाटेकडे लावून बसायचे.

आणि मग अळूचं प्रकरण झालं. कुठेसं ऐकलं होतं की गांधीलमाशीवर अळूच्या देठाचा रस रामबाण. दिराच्या दंडाला गांधीलमाशी डसली, जाऊ माहेरी गेलेली. मला रान मोकळं! बावखलाच्या कडेचा अळू कापला, देठ ठेचला आणि त्याच्या दंडाला सढळ हातानं चोपडला. तो अळू खाजरा होता. दीर दिवसभर दरवाजाच्या चौकटीला दंड घासत उभा. "वहिनी, गांधीलमाशी परवडली गं," म्हणत होता बिचारा. सगळी वाडी हसली. जाऊ परत आली, तिला ही हकीकत कोणीतरी रंगवून सांगितली. ती मात्र हसली नाही. "काही काही अळू खाजतो," एवढंच म्हणाली. हसली असती तर मी तिच्याशी भांडले तरी असते.

तर टोकायला मी अशी लागले. पहिल्यांदा खरंच चुकून झालं. बावखलाकडून येणारी पायवाट माझ्या मागच्या दारावरूनच यायची, पलीकडे काटेरी कुंपण, दुसरा रस्ताच नव्हता. मी भांडी घासत होते. ती मूठ बंद करून येताना दिसली आणि मी सवयीनं म्हटलं, "काय गं, चहा घेणार?" ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. मूठ उघडून पाला बांधावर टाकला आणि उलटी फिरली.

मला वाईट वाटलं. पण खालून कुठूनतरी एक गुदगुलीही झाली. एवढी मोठी औषधवाली, माझ्या एका शब्दावर परत फिरते! दुसऱ्या वेळी मी चुकून टोकलं नाही. तिसऱ्या वेळी तर वाट बघत बसले होते. "अगं, मीठ कुठे ठेवलंस?" "अगं, पाऊस येईलसं वाटतं का?" चेहरा असा की मी त्या गावचीच नाही. ती दर वेळी पाला टाकायची आणि परत जायची. सासूबाईंना कळू नये म्हणून मी हळू आवाजात टोकायचे, हे सांगायला मला आजही लाज वाटते. बांधावर टाकलेला पाला मी नंतर जाऊन उचलून बघायचे. चुरगळलेला, वाळलेला, काही ओळख लागायची नाही. हुंगायचे. मग आणखी चिडायचे.

ती कोणाला सांगेल ही भीती मला कधीच वाटली नाही. तिच्या गप्प बसण्यावरच माझा सगळा खेळ चालला होता.

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. तिला काकीचं भयंकर वेड. वेणी काकीनं घालायची, शाळेतलं आधी काकीला सांगायचं. मला म्हणायची, "आई, तू विंचरतेस तेव्हा ओढतेस." मी म्हणायचे, "मग जा काकीच्या पोटी जन्म घे." सात वर्षांच्या पोरीला असं बोलायचं असतं का? पण बोलायचे.

सुट्टीचा दिवस. सासूबाई लेकीकडे गेलेल्या, पुरुष माणसं बाहेर. मी मागच्या दारी मासे साफ करत बसले होते. शेजारी पाण्याचा पंप चालू, त्याच्या घरघरीत कानावर काही पडत नव्हतं. पुढच्या अंगणात शेवग्याच्या झाडाला मोहोळ लागलं होतं, त्याच्या जवळ जायचं नाही असं मी पोरीला बजावून ठेवलेलं.

जाऊ पुढच्या अंगणातून आली आणि झपाझप बावखलाकडे गेली. मला वाटलं, आली कोणीतरी शेजारची बोट सुजवून. परत आली, मूठ बंद. मी ओरडूनच म्हटलं, पंपामुळे ओरडावंच लागलं, "आज कोणाचा नंबर गं?"

ती थांबली. तिचा चेहरा असा काही झाला की एरवी मी विचारलं असतं काय झालं म्हणून. पण तिनं पाला टाकला आणि ती चक्क पळत मागे गेली. ती पळाली याचंच मला नवल वाटलं. म्हटलं, आज बाईसाहेबांना घाई आहे! आता बघू.

ती दुसऱ्यांदा आली. मी म्हटलं, "अगं, हे बोंबील तळू की कालवण करू?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला दिसलं. दिसलं आणि बरं वाटलं. मला एवढंच सांगायचंय की मला ते दिसलं होतं. तिनं पाला टाकला, परत पळाली.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा वाटेतच थांबली, माझ्यापासून दहा-बारा पावलांवर. पाला दोन्ही तळव्यांत धरून तिनं मला हात जोडले. डोळ्यांनी विनवत होती, पण तोंडातून एक शब्द नाही. तिच्या डोक्यात पक्कं होतं की बोललं तर गुण जाईल, आणि आज गुण जाऊन चालणार नाही. मी हातातला कोयता खाली ठेवला. आणि तरीही माझं तोंड उघडलं. काय बोलणार होते ते आठवत नाही. काहीतरी बोलणार होते हे नक्की.

तेवढ्यात वीज गेली. पंप बंद पडला. त्या शांततेत पुढच्या अंगणातून माझ्या पोरीचा आवाज आला, "काकी, लवकर ये गं! काकी!"

मी धावले. मासे तसेच टाकून, हात तसेच घाण. पोर ओटीवर बसलेली, डावा डोळा सुजून बंद झालेला, गाल, कान, मान, चार-पाच ठिकाणी चावलेलं. काटे जावेनं आधीच काढलेले होते, नखाचे आडवे ओरखडे दिसत होते. मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती म्हणाली, "आई, तुझ्या हाताला वास येतोय." आणि जावेकडे तोंड वळवलं. जावेनं रस चोळला. कानामागे, मानेवर, डोळ्याच्या अगदी कडेला, आत थेंब जाऊ न देता. पोर हुंदके देत हळूहळू गप्प झाली. मी बाजूला उभी, हात धरायला सुद्धा जागा नाही.

मग मी रिक्षा आणली, डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "एवढं सुजेपर्यंत काय बघत होतात? डोळ्याजवळ चावलं की आधी इकडे यायचं, पाला-बिला नंतर." बरोबर होतं. आम्ही दोघी शिकल्या-सवरल्या बायका. एक टोकत बसली, दुसरी गप्प बसली, आणि मधल्या मध्ये पोर सुजत होती. पंधरा मिनिटं गेली असतील. मला ती कधी मोजावीशी वाटली नाहीत.

सूज तीन दिवसांनी उतरली. दुसऱ्या दिवशी पोरीनं जावेला विचारलं, "काकी, काल तू इतका उशीर का केलास?"

मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबलं.

जाऊ म्हणाली, "पाला सापडत नव्हता गं."

बास. एवढंच. सासूबाईंनाही हेच सांगितलं, दिरालाही हेच. कोणाला वाटेल की मी तिचे पाय धरले असतील. छे! मला तिचा आणखी राग आला. तिनं सगळ्यांसमोर माझे वाभाडे काढले असते तर मी रडले असते, भांडले असते, आणि संपलं असतं. पण तिनं मला झाकलं, आणि त्यातसुद्धा तीच वरचढ. त्यानंतर मी तिला टोकलं मात्र कधीच नाही. ती येताना दिसली की मी दार लावून घ्यायचे. आणि मला स्वतःला चावलं तर गुपचूप सोडा लावून, बोट फुगवून बसायचे, पण तिच्यापुढे हात केला नाही. पोरगी म्हणायची, "आई, काकीकडून लावून घे ना." मी म्हणायचे, "मला नाही लागत असलं काही."

काही वर्षांनी दिरानं फ्लॅट घेतला. कुठे, तर फुलपाड्यात! माझ्या माहेरच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून. माझी आई फोनवर मला सांगायची, "तुझी जाऊ किती गुणी आहे गं, काल माझ्या गुडघ्याला काहीतरी लावून गेली." मी फोन ठेवून द्यायचे.

तिकडे राहायला जायच्या आदल्या दिवशी जाऊ माझ्या मुलीला घेऊन बावखलामागे गेली. मी मागच्या दारातून पाहिलं. पोर आता माझ्या खांद्याएवढी झाली होती. परत आल्या तेव्हा मला कळायचं ते कळलं. रात्रीपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती, मी तिथंच अंगणात जावेला गाठलं.

"माझ्या पोरीला दिलंस? मला नाही?"

तिनं खाली पाहिलं. वाटलं, आताही गप्प बसणार. पण बोलली. "वहिनी, हे मागावं लागतं. मी आईंकडे मागितलं होतं. पोरीनं माझ्याकडे मागितलं. तू पाल्याचं नाव विचारायचीस. मागितलं कधीच नाहीस."

"मागितलं असतं तर दिलं असतंस?"

"तुलाच दिलं असतं," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

ती गेली. आणि आता घरात माझी मुलगी औषधवाली. मला वाटलं होतं, चला, आता तरी घरचं घरात आलं. कसलं काय! शेजारी "तुमच्या लेकीला पाठवा" म्हणायला लागले आणि माझ्या पोटात तसंच दुखायला लागलं, पोटच्या पोरीबद्दल. मी एकदा लाडीगोडी लावून विचारलं, "सांग ना गं, कसला पाला?" तर म्हणाली, "आई, सांगता येत नाही." सासूबाईंचा सूर, जावेचे डोळे. माझं त्यात काहीच नव्हतं.

ती नववीत असतानाची सकाळ. आम्ही दोघीच झेंडू खुडत होतो. ती मोकळ्या मनानं बडबडत होती, या बाबतीत मात्र माझ्यावर गेली आहे. बोलता बोलता म्हणाली, "आई, मला एक कळत नाही. त्या पाल्याचं तिथे रान माजलंय. डोळे झाकून हात घातला तरी मिळतो. मग मला चावलं होतं तेव्हा काकीला तो सापडला कसा नाही?"

मी म्हटलं, "तेव्हा नसेल एवढा."

"काकी म्हणते, आजी लग्न होऊन आली तेव्हापासून आहे." मग ओंजळभर फुलं टोपलीत टाकत म्हणाली, "मला कधी कधी वाटतं, काकीनं मुद्दामच उशीर केला का? तिला माझा कंटाळा आला होता का गं?"

माझा हात फुलावर होता, तसाच आवळला गेला. आणि त्यातली माशी मला डसली. तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी. मी ओरडले. पोरीनं टोपली ठेवली, माझा हात ओढून घेतला, नखानं काटा आडवा खरवडला आणि एकही शब्द न बोलता बावखलाकडे निघाली.

"मला नको" म्हणायची हीच वेळ होती. आणि मी ते म्हणाले असते तर ती टोकलीच गेली असती. मी तिच्या मागे बघितलं सुद्धा नाही. बावखलाकडे पाठ करून बांधावर बसले.

ती आली. माझ्यासमोर उकिडवी बसली, पाला चुरडला आणि रस चोळायला लागली. तिला रस सुकेपर्यंत बोलता येणार नव्हतं. मला येत होतं. यापेक्षा सोपी वेळ मला आयुष्यात मिळाली नसती, आणि मी काही धीट बाई नाही.

मी म्हटलं, "काकीला पाला पहिल्याच फेरीत सापडला होता. ती तो घेऊन येत होती. मी तिला टोकलं. पुन्हा आणला, पुन्हा टोकलं. मुद्दाम. तुला चावलंय हे मला माहीत नव्हतं, पण कोणाला तरी चावलंय हे माहीत होतं. काकीनं मला हात जोडले होते. तू तिला हाका मारत होतीस आणि ती येत होती. मी येऊ देत नव्हते."

तिनं मान वर केली नाही. तिचा अंगठा माझ्या तळहातावर थांबला. मला वाटलं, आता हात झटकून उठेल. रस अजून ओला होता. मग अंगठा परत फिरायला लागला, आधीपेक्षा जोरात, नेमका चावलेल्या जागेवर. जीव कळवळला, पण मी हूं की चूं केलं नाही, आणि हातही काढून घेतला नाही.